निळी हवी, पण लवकर वाळणारी

डोंबिवलीत फुकट सल्ला हवा असेल तर फार काही करावं लागत नाही. दहा वर्षांच्या मुलाचा डावा हात करंगळीपासून मनगटापर्यंत निळा करावा आणि संध्याकाळी सोसायटीच्या लिफ्टमध्ये त्याला घेऊन उभं राहावं. तळमजल्यावर मला दही सांगण्यात आलं, पहिल्या मजल्यावर लिंबू, दुसऱ्यावर टूथपेस्ट. रॉकेल सांगणारे काका उतरताना "पण आता मिळत नाही म्हणा" असं म्हणून माझ्याकडे असं बघून गेले, जणू ते मीच बंद केलंय. तिसऱ्या मजल्यावर आत आलेल्या बाईंनी मात्र दही-लिंबू काही सुचवलं नाही. त्या अद्वयपासून दोन पावलं लांब उभ्या राहिल्या आणि हळूच म्हणाल्या, "डॉक्टरला दाखवलंत का?"

शाई आहे ती, असं मी सांगितलं. त्यांनी मान हलवली. आई कबूल करत नाही, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलेलं होतं.

तर, अद्वय डावखुरा आहे. हे वाक्य मी आवाज जरा खाली आणून म्हणते, आपल्याकडे 'आम्ही पत्रिका बघत नाही' म्हणतात तसं. डावखुरं असण्यात काही वाईट नाही, असं सगळेच म्हणतात आणि लगेच एखाद्या क्रिकेटपटूचं नाव घेतात. पण क्रिकेटपटूला शाईपेननं वही लिहावी लागत नाही. उजव्या हातानं लिहिणाऱ्याचा हात शाई मागे टाकून पुढे पळतो. डावखुऱ्याचा हात मागून येतो, नेमका ओल्या शब्दांवरून. नुकतीच पुसलेली लादी दिसली की आमच्या घरातल्या पुरुषांना जसं तिथूनच पलीकडे जायचं असतं, तसा.

आणि ह्याच वर्षी शाळेला पन्नास वर्षं झाली. पन्नास वर्षं झाल्यावर संस्थेला काहीतरी करावंसं वाटतं. आमच्या संस्थेला वाटलं की पाचवीपासून सगळ्यांनी शाईपेननं लिहावं. अक्षर सुधारतं, सूचनेत पुढे म्हटलं होतं, आणि संस्कार होतात. शाई निळीच. '५ ब पालक' ग्रुपवर मी विचारलं, "निळी म्हणजे नक्की कोणती?" त्यावर बत्तीस जणांनी हात जोडले, एकानं गुलाबाचं फूल टाकलं आणि वर्गशिक्षिका विनिता मिसनी अंगठा दाखवला.

महिन्याभरात मिसनी मला बोलावून घेतलं. त्यांचा आवाज फार गोड आहे. वाईट बातमी द्यायला देवानं मुद्दाम दिल्यासारखा.

"मम्मी, वही बघा."

वही बघितली. प्रत्येक ओळ लिहून झाल्यावर कुणीतरी तिच्यावरून ओला बोळा फिरवला होता. मराठीच्या निबंधाचं शीर्षक 'माझी सहल' होतं. ती सहल धुक्यात झाली असावी.

"दिवाळीच्या सुट्टीआधी वह्यांची तपासणी आहे," मिस म्हणाल्या. "तोपर्यंत डाग थांबले तर छानच. नाही थांबले तर सुट्टीपासून आपण उजव्या हाताची सवय लावू या ना? अजून वय आहे." दात पुढे आलेत, तार लावून घेऊ, इतक्या सहज म्हणाल्या त्या. वर डायरीत तसं लिहूनही दिलं: 'डाग न थांबल्यास उजव्या हाताने लेखनाचा सराव सुरू करावा.'

ती डायरी अण्णांच्या हाती पडली. अण्णा म्हणजे माझे सासरे. जन्मभर सरकारी कचेरीत होते आणि अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले. लेखी काही दिसलं की त्यांना देव भेटल्यासारखं होतं. आणि इथे तर त्यांच्याच मनातलं, शिक्षिकेच्या हस्ताक्षरात.

"मी दोन वर्षांचा असल्यापासून सांगत होतो," अण्णा म्हणाले. दोन वर्षांचा अद्वय. अण्णा तेव्हा साठीचे होते. "सूनबाई, जग उजव्या हातानं चालतं. सही उजव्या हातानं, शिक्का उजव्या हातानं, नैवेद्य उजव्या हातानं."

मी त्यांना मोबाइलवरचा लेख वाचून दाखवला. जबरदस्तीनं हात बदललेली मुलं बोलताना अडखळतात, त्यांचा आत्मविश्वास जातो, वगैरे. असे लेख माझ्याकडे भरपूर आहेत. मी आई आहे, मला वाचनाची आवड आहे.

"कुणी लिहिलंय?"

"गूगलवर आहे, अण्णा."

"गूगलला हात असतात का?"

ह्यावर मी नवऱ्याकडे बघितलं. प्रीतम म्हणाला, "दोघांचंही बरोबर आहे," आणि ऐरोलीला ऑफिसला निघून गेला. त्याला ऑफिसात मॅनेजर का केलंय ते मला कळतं.

"हात बदलायचा नाही," मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून जाहीर केलं. "शाई बदलायची." वाक्य चांगलं झालं होतं, पण त्याच वेळी कुकरची शिट्टी झाली आणि ते कुणालाच ऐकू गेलं नाही. दुसऱ्या दिवशी अण्णा बाजारातून चार रेघी वह्यांचा गठ्ठा घेऊन आले, उजव्या हातासाठी. तपकिरी कागदात बांधून टीव्हीशेजारी ठेवला. रोज बातम्या बघताना मला तो दिसायचा.

एकदा ठरवल्यावर मी गल्लीतल्या स्टेशनरीच्या दुकानात गेले. दुकानदार कानाला फोन लावून होता. मी म्हटलं, निळी शाई, लवकर वाळणारी. त्यानं खालच्या फळीवरून बाटली काढली आणि फोनवर हात ठेवून म्हणाला, "ही न्या. सरकारी ऑफिसात पण हीच जाते." सरकारी ऑफिसात जाते खरी, पण शिक्क्याच्या पॅडमध्ये. बाटलीवर तसं लिहिलेलं होतं, मुंगीला चष्मा लावून वाचता येईल अशा अक्षरांत. ती शाई वाळत नाही. वाळली तर पॅडचं काय होईल? ती धुऊनही जात नाही. लिफ्टमधला प्रसंग त्याच दिवसाचा. पेनाचं पुढे काय झालं ते विचारू नका. ते गेलं.

त्यानंतर मी काम शास्त्रीय पद्धतीनं करायचं ठरवलं. शाळेच्याच वहीचा कागद घ्यायचा, ओळ लिहायची आणि त्यावरून बोट फिरवायचं. वेळ मोजायला माझं एकक कुकरची शिट्टी. दोन शिट्ट्यांच्या मधल्या वेळात जी वाळेल ती नापास, कारण तेवढ्यात अद्वयचा हात तीन शब्द पुढे गेलेला असतो. शिट्टी जेवढा वेळ वाजते तेवढ्यात वाळेल ती पास. डाळ बिचारी पिठलं होईपर्यंत शिजायची.

ठाण्याला जाऊन मी एक 'पर्मनंट' आणली. वाळायची शाई, खरंच! शिट्टी संपायच्या आत. फक्त ती कागदावर थांबायची नाही. अद्वयनं पहिल्या पानावर गणित सोडवलं, ते मागच्या पानाला कळलं, आणि त्याच्या मागच्या पानाला संशय आला. शिवाय ती बाटली प्रीतमच्या फिकट शर्टावर लवंडली. मी धू धू धुतला.

"पर्मनंट आहे ना?" प्रीतम म्हणाला.

"हो."

"मग ठीक आहे. पैसे वाया नाही गेले."

शेजारच्या कार्मेल आंटींनी तो शर्ट दोरीवर वाळत घातलेला बघितला आणि थेट आत आल्या. कार्मेल आंटी मूळच्या कोलशेतच्या, पॉल अंकलशी लग्न होऊन डोंबिवलीत आल्या. स्वतः डावखुऱ्या.

"पोरी, तू एवढी सुकलीस कशाला? मी डाव्या हातानं बोंबील साफ करते, डाव्या हातानं भांडते. क्रॉस तेवढा उजव्यानं. देवाला सांगून ठेवलाय, बाकी सगळा डावा चालू दे."

"आंटी, तुम्ही शाईपेन वापरलंय कधी?"

"बॉलपेन आलेला ना तवा!" मग त्या जरा विचारात पडल्या. "माझ्या भाच्याच्या टॉवरमधे पेनवाल्यांची मीटिंग असते. कोलशेतला. सगळे येडे आहेत, पण शाईतलं कळतं त्यांना. चल, जाऊ."

गेलो. कोलशेतच्या त्या टॉवरच्या क्लबहाउसमध्ये पाच-पंचवीस पुरुष बसले होते. सगळे मध्यमवयीन, सगळे नोकरदार, आणि प्रत्येकासमोर तान्ह्या बाळासारखी दुपट्यात गुंडाळलेली पेनं. बायका आम्ही दोघीच. आत शिरलो तर एकजण घाईघाईनं म्हणाला, "घरून पाठवलंय का कुणाला बोलवायला?"

अध्यक्ष साईनाथ नावाचे गृहस्थ होते. टी-शर्टला खिसा नसतो म्हणून त्यांनी तो वेगळा शिवून घेतला होता, चार पेनांचा. त्यांनी मला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि मुलगी बघायला आलेल्या पाहुण्यांना विचारावं तसं विचारलं, "तुमची आवडती निळी कोणती?"

"लवकर वाळणारी," मी म्हटलं.

सगळ्यांनी हातातली पेनं खाली ठेवली. गाण्याच्या बैठकीत मी डीजे कुठाय विचारलं असतं तरी इतकं वाईट वाटलं नसतं त्यांना.

"मॅडम," साईनाथ अतिशय सभ्यपणे म्हणाले, "वाळणं म्हणजे शाईचं मरण."

"मग मला मेलेलीच दाखवा."

त्यांना चांगली शाई म्हणजे ओली राहणारी शाई हवी असते, हे मला तिथे कळलं. जितकी ओली, तितकी तिच्यावर झळाळी येते म्हणे. त्यांनी वह्या उघडल्या. पानंच्या पानं निळ्या पट्ट्या, आणि प्रत्येक पट्टीखाली नाव. एकीचं नाव 'विरह' होतं.

"ही वाळायला किती वेळ लागतो?"

"विरह आहे मॅडम, वेळ लागणारच."

कार्मेल आंटी तिथे ताटातल्या चकल्या संपवत होत्या. त्या म्हणाल्या, "माझा पॉल मी माहेरी आली की दुसऱ्या दिवशी वाळतो." त्यावर एका सभासदानं गंभीरपणे विचारलं, "पॉल? कुठल्या कंपनीची?"

शेवटी मला दया येऊन त्यांनी, म्हणजे त्यांना माझी दया येऊन, 'खाडीची पहाट' नावाची शाई दिली. त्यातल्या त्यात कोरडी. घरी येऊन मी ती माझ्या पेनात भरली आणि दोन दिवस वापरून बघायचं ठरवलं. तपासणीला आता फार दिवस उरले नव्हते. टीव्हीशेजारचा तपकिरी गठ्ठा मला रोज जास्त जाड वाटायचा.

दुसऱ्याच दिवशी बँकेत अद्वयच्या खात्याच्या कागदांवर सही करायला गेले. काचेपलीकडच्या मुलीनं कागद उजेडात धरला.

"मॅडम, हे हिरवं आहे."

"निळं आहे. खाडीची पहाट."

"काय?"

"शाईचं नाव आहे ते."

तिनं शेजारच्याला कागद दाखवला. शेजारच्यानं त्याच्या शेजारच्याला. मग एक साहेब आतून आले, माझ्याकडे बघितलं, माझ्या पिशवीतल्या मेथीच्या जुडीकडे बघितलं आणि विचारलं, "मॅडम, आपण राजपत्रित अधिकारी आहात का?"

"बी.कॉम. आहे," मी म्हटलं. का म्हटलं ते माहीत नाही. अपमान झाला की माणूस शिक्षण सांगतो.

"मग निळ्यानं करा." आणि दोरीला बांधलेलं बॉलपेन माझ्यापुढे सरकवलं.

हे मी संध्याकाळी घरी हसत हसत सांगितलं. अण्णा हसले नाहीत. त्यांनी चष्मा काढून पुसला.

"चूक तुझी आहे, सूनबाई. शाई म्हणजे खेळ नाही. निळी आपली. लाल तपासणाऱ्याची. हिरवी साहेबांची. माणसानं आपल्या शाईत राहावं."

"अण्णा, पण तुम्ही एवढी वर्षं होतात तिथे. हिरव्यानं एकदाही...?"

"साहेबांचं पेन मीच भरायचो," अण्णा म्हणाले. "रोज सकाळी. भरून, निब पुसून टेबलावर. एकदा वाटलं होतं, टेकवून बघावी कागदाला. कशी उमटते."

"टेकवलीत?"

"छे!" ते एवढ्या जोरात म्हणाले की अद्वयनं वर बघितलं. "बढतीच्या यादीत नाव होतं माझं. बढती झाली असती तर हिरवीच होती. यादीवर सही व्हायला उशीर झाला. तोवर मला नारळ देऊन झाला होता." मग त्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला.

मला थोडं वाईट वाटलं. पण टीव्हीशेजारी तो गठ्ठा होताच, त्यामुळे फार वेळ वाटलं नाही.

'खाडीची पहाट' मी बंद केली. एकतर तिच्यात हिरवट झाक, त्यात डावखुरा, म्हणजे मिसना दोन कारणं. दसरा तोंडावर आला. झेंडू आणायला कल्याणला गेले होते, तर तिथल्या घाऊक बाजारात एका स्टेशनरीवाल्यानं जुना माल बाहेर काढून ठेवलेला दिसला. त्यात धुळीनं माखलेली शाईच्या बाटल्यांची खोकी.

"निळी आहे का?"

"वर निळी लिहिलंय," दुकानदार म्हणाला. त्याला ह्यापलीकडे माहिती नव्हती आणि नसल्याचं दुःखही नव्हतं.

"लवकर वाळते?"

"मॅडम, किती वर्षं पडून आहे ती. आतल्या आतच वाळली असेल तर माझी ग्यारंटी नाही."

पर्समध्ये शाळेच्या वहीचा कागद आणि रिकामं पेन घेऊन मी हल्ली भाजीलाही जाते. तिथेच काउंटरवर पेन भरलं, ओळ लिहिली आणि बोट फिरवलं. ओळ हलली नाही. पुन्हा लिहिली आणि ह्या वेळी जराही न थांबता डावा तळहात तिच्यावरून ओढला. तळहात कोरा. कागद उलटा केला, मागची बाजू कोरी.

आणि रंग! मी एव्हाना इतक्या निळ्या बघितल्या होत्या की मला सगळ्यांचा राग येत होता. पण ही निळी साधी होती. लहानपणी आई पांढऱ्या कपड्यांना द्यायला बादलीत नीळ कालवायची, ती पाण्यात पसरताना एक क्षण जशी दिसायची तशी. झळाळी नाही, नाव नाही, पहाट नाही. तिथे काउंटरवर मी माझं नाव लिहून बघितलं: शिवानी. हल्ली मला नावानं कुणी बोलवत नाही. मी सूनबाई आहे, मम्मी आहे, पोरी आहे आणि 'अगं ऐक ना' आहे. नाव बरं दिसत होतं. जरा पुसून बघितलं, पुसलं नाही.

"एक द्या."

"डझनच घ्यावी लागेल. घाऊक आहे."

तर मी कल्याणहून एका हातात झेंडू आणि दुसऱ्या हातात शाईच्या डझनभर बाटल्यांचं खोकं घेऊन परतले. त्या संध्याकाळी अद्वयनं पानभर शुद्धलेखन लिहिलं. पान स्वच्छ. त्यानं हात उलटा करून बघितला आणि जरा नाराज झाला. "मम्मी, हातावर आता काहीच येत नाही." मी वही अण्णांसमोर धरली. त्यांनी चष्म्यातून पाहिली, चष्म्यावरून पाहिली.

"घरी होतं," ते म्हणाले. "तपासणीत बघू."

दसऱ्याला आमच्याकडे पाटीपूजन साग्रसंगीत असतं. पाटावर सरस्वती काढलेली पाटी, अद्वयची वह्या-पुस्तकं, प्रीतमचा लॅपटॉप, माझी सुरी आणि लाटणं, आणि ह्या वर्षी नवी शाईची बाटली. पूजा अण्णा करतात. मी पुऱ्या तळत होते, त्यामुळे मी फक्त घंटा ऐकली. पुढच्या सगळ्या प्रकारात माझी चूक कुठे झाली हे शोधायचं असेल तर ती इथे आहे: मी पुऱ्या तळत होते.

दुसऱ्या दिवशी तपासणी. अद्वयनं सकाळी स्वतः पेन भरलं, पाटावरच्या बाटलीतून, कारण ती पुजलेली होती आणि आज जास्त चालणार होती. मिस वर्गात समोर बसवून पानभर लिहून घेणार होत्या, आणि शाळा सुटल्यावर पालकांना बोलावलं होतं. अण्णाही निघाले.

"तुम्ही कशाला, अण्णा? ऊन आहे."

"साक्षीला," असं म्हणून त्यांनी टीव्हीशेजारचा गठ्ठा काखेत घेतला.

वर्गात मिसनी अद्वयची वही आमच्यापुढे ठेवली. त्यांचा आवाज नेहमीपेक्षाही गोड होता.

"मम्मी, डाग नाहीत."

मी अण्णांकडे बघितलं. आयुष्यात असा क्षण एकदाच येतो.

"पण हे काय?"

पान उघडलं. वरपासून खालपर्यंत, एकही डाग न पडता, सुंदर, वळणदार, हिरवं. निळसर नाही, खाडीबिडी नाही. सरळ, स्वच्छ, पालकाच्या भाजीसारखं हिरवं.

"मिस, मी निळीच... घरी निळी होती. तुम्ही ह्यांना विचारा!" मी अण्णांकडे हात केला. माझ्यावर जगात विश्वास ठेवू शकेल असा एकच साक्षीदार होता आणि तो विरुद्ध पक्षाचा होता.

"हिरवी शाई आमच्याकडे फक्त मुख्याध्यापक वापरतात," मिस म्हणाल्या. "मला डायरीत शेरा द्यावा लागेल. आणि एकदा सरावाचं बघतोच आहोत, तर हाताचंही सुट्टीपासून..."

अण्णांनी वही स्वतःकडे ओढली. गठ्ठा काखेतून घसरून बाकावर पडला, त्यांचं लक्ष नव्हतं. ओळींवरून त्यांनी बोट फिरवलं, हळूच, गरम आहे का बघावं तसं. मग मागची बाजू बघितली. मग पुन्हा पुढची.

"हे ह्यानं लिहिलं?"

"हो. माझ्यासमोर."

"डाव्या हातानं?"

"हो ना, तेच तर. पण आजोबा, रंग..."

"आमच्या घराण्यात," अण्णा म्हणाले, आणि घसा साफ केला, "आजपर्यंत कुणालाही हिरवी शाई मिळालेली नाही."

मिसनी एकदा अण्णांकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. अद्वय खिडकीतून कावळा बघत होता.

मग अण्णा ताठ बसले आणि त्यांनी डायरी मागितली. तो आवाज मी घरी कधी ऐकलेला नव्हता. तो कचेरीतला असणार. "मॅडम, आपण लिहिलंय, 'डाग न थांबल्यास उजव्या हाताने सराव.' बरोबर? हस्ताक्षर आपलंच? अट डागाची होती. डाग थांबलेला आहे. अटीत रंगाचा उल्लेख नाही. रंगासाठी आपण वेगळा शेरा द्या, त्याची यथायोग्य दखल घेतली जाईल. हाताचं प्रकरण नस्तीबद्ध."

"म्हणजे?" मिसनी विचारलं.

"फाइल बंद," अण्णा म्हणाले. "पुन्हा उघडायची नाही."

आणि मिसनी, खरंच सांगते, मान डोलावली. मी महिनाभर लेख वाचून दाखवले, आणि हा माणूस एका ओळीत मोकळा झाला.

परतताना रिक्षात मी विचारलं, "अण्णा, काल पूजेत तुम्ही बाटलीला काय केलंत?"

"काही नाही. हळद वाहिली."

"बाटलीवर?"

"बाटलीवर वाहून काय उपयोग? विद्या काय काचेत असते? टोपण काढलं आणि आत. चमचाभर असेल. मग नीट ढवळली."

"आणि कुंकू?"

अण्णा दुखावले. "कुंकू कसं घालीन? लाल शाई तपासणाऱ्यांची असते. एवढं मला कळतं, सूनबाई."

घरी आल्यावर डायरी उघडली. मिसनी लाल शाईनं शेरा दिला होता: 'विद्यार्थ्याने हिरवी शाई वापरली. पालकांनी दखल घेऊन सही करावी.' मी बॉलपेन शोधायला उठले.

"थांब," अण्णा म्हणाले. "मी करतो." आणि अद्वयपुढे हात केला. "पेन दे रे तुझं."

अद्वयनं दिलं. अण्णांनी डायरी टेबलावर सरळ केली, बाही मागे सारली, आणि निब कागदाच्या वर धरून बराच वेळ तसेच बसले. मग टेकवली. आडनावासकट पूर्ण सही, खाली रेघ, रेघेखाली दोन ठिपके, तारीख. वाळेपर्यंत फुंकर घालायची गरज नव्हती, तरी त्यांनी घातली.

"बरी उमटते," ते म्हणाले.

प्रीतम संध्याकाळी आला, त्यानं सही बघितली आणि म्हणाला, "अरे वा, बाबा, प्रमोशन?" त्या दिवशी पहिल्यांदा मला वाटलं की हा माणूस बरा आहे.

आता सगळं सुरळीत आहे. अद्वय डाव्या हातानं, निळ्या शाईनं, स्वच्छ लिहितो. माझ्याकडे अजून अकरा बाटल्या आहेत. बारावी अण्णांच्या कपाटात असते. चार रेघी वह्याही वाया गेल्या नाहीत, अण्णा त्यात सहीचा सराव करतात. सोसायटीच्या पाणीकपातीच्या सूचनेवर परवा एक हिरवी सही दिसली, खाली दोन ठिपके, आणि लिफ्टमध्ये लोक ती सूचना उभं राहून वाचत होते. पाणी त्या दिवशी खरंच वेळेवर आलं. कार्मेल आंटींनी लगेच आपल्या घरदुरुस्तीच्या अर्जावर अण्णांची सही घेऊन ठेवली आहे.

काल साईनाथ यांचा मेसेज आला: 'मॅडम, ठरली का शेवटी तुमची आवडती निळी?'

मी स्वयंपाकघरात उभी होते. हळदीचा डबा पुन्हा जागेवर नव्हता. आतल्या खोलीतून ढवळण्याचा आवाज येत होता.

मी उत्तर पाठवलं, 'ठरली. हिरवी.'